उत्तरेच्या समुद्रात दोघे : दिघीच्या खाडीवरून एक विचार

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, राजपुरी खाडीच्या दक्षिण तीरावर दिघी हे बंदराचे गाव आहे. समोरच्या तीरावर मुरूड तालुक्यातील आगरदांडा आणि खाडीच्या मुखाशी पाण्याने वेढलेला सिद्दींचा जंजिरा. आगरदांडा डोळ्यांसमोर दिसत असला, तरी रस्त्याने तेथे पोहोचावयाचे तर साऱ्या खाडीला वळसा घालावा लागतो. म्हणून माणसे, दुचाक्या, मोटारी आणि मालाचे टेम्पो फेरीबोटीत चढतात. बोट सुटली की चालक इंजिन बंद करून खाली उतरतो, कुटुंबे कठड्याशी येऊन उभी राहतात आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत कोणालाही काहीही करता येत नाही. कोणाला कितीही घाई असली, तरी बोट आपल्याच गतीने जाते.

व्यापारी कुटुंबाच्या दिनक्रमात अशी मोकळी मिनिटे दुर्मीळ असतात. सकाळी दुकान उघडते आणि रात्री गल्ला मोजून झाल्यावर बंद होते. सुट्टीचा दिवस वसुली, जीएसटीची विवरणपत्रे आणि नात्यागोत्यातील कार्ये यांत सरतो. तीस-पस्तीस वर्षे एकत्र काढलेल्या पतिपत्नींचे बोलणेही बहुतांशी माल, उधारी आणि मुलाबाळांचे शिक्षण यांभोवतीच फिरलेले असते. पुढे मुलगा दुकानात स्थिरावतो आणि साठीच्या उंबरठ्यावरील दांपत्याला प्रथमच प्रश्न पडतो, की आता दोघांनी मिळून कोठे जावे? अशा वेळी अलीकडे सहल कंपन्यांच्या जाहिरातींत उत्तरेच्या समुद्राची चित्रे दिसू लागली आहेत. नॉर्वेचा किनारा, आइसलँड, स्वालबार्ड, अलास्का! या जलसफरींचे स्वरूप काय, जैन गृहस्थास त्यांत कोणत्या अडचणी येतात आणि ही सफर केव्हा करावी, यांचा विचार येथे केला आहे.

टपालासाठी सुरू झालेली बोट

उत्तरेच्या जलसफरींतील सर्वांत प्रसिद्ध सफर नॉर्वेच्या किनाऱ्याने होते. ती बर्गेन येथून निघून रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत जाते आणि परत येते. तिला ‘हुर्तिग्रुतेन’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ ‘जलद मार्ग’ असा आहे. आज संथ प्रवासाची आवड असलेले लोक ज्या बोटीने मुद्दाम जातात, तिचे नाव जलद मार्ग कसे पडले, हा इतिहास व्यापाऱ्यांनी वाचावा असा आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उत्तर नॉर्वेत रस्ते जवळजवळ नव्हतेच. त्रोन्हेमहून हामरफेस्टला पाठविलेले पत्र उन्हाळ्यात तीन आठवड्यांनी आणि हिवाळ्यात पाच महिन्यांनी पोहोचे, असे सांगितले जाते. सरकारला वर्षभर चालणारी आगबोट हवी होती. परंतु हिवाळ्यातील अंधारात, खडकांनी भरलेल्या त्या किनाऱ्याने बोट नेणे अशक्य आहे, असे जाणत्या कंपन्यांचे मत पडले. रिचर्ड विथ या कप्तानाने ते मान्य केले नाही. त्याने १८८१ मध्येच स्टोकमार्कनेस या गावी एक लहानशी आगबोट कंपनी स्थापन केली होती. तो आणि त्याचा वाटाड्या अंदेर्स होल्टे हे प्रत्येक फेरीत होकायंत्राची दिशा, घड्याळातील वेळ आणि बोटीचा वेग यांच्या नोंदी वहीत टिपून ठेवीत असत. या नोंदींच्या आधारावर त्याने सरकारशी करार केला आणि २ जुलै १८९३ रोजी त्याची ‘वेस्तेरोलेन’ ही बोट त्रोन्हेमहून हामरफेस्टकडे निघाली. वर्षानुवर्षे नीट ठेवलेल्या वहीने एका साऱ्या प्रदेशाचे दळणवळण उभे केले, असेच म्हटले पाहिजे.

ती सेवा आजही चालू आहे. २०२१ पासूनच्या करारान्वये दोन कंपन्यांच्या मिळून ११ बोटी या मार्गासाठी नेमल्या आहेत आणि त्या ३४ बंदरांना लागतात. बर्गेन ते किर्केनेस आणि परत, या प्रवासास १२ दिवस लागतात. पर्यटक त्यांत असतातच. पण त्यांच्याबरोबर एका गावाहून दुसऱ्या गावी जाणारा स्थानिक माणूस, त्याचे सामान आणि दुकानदारांचा मालही असतो. लहान बंदरात बोट पंधरा-वीस मिनिटेच थांबते. त्रोन्हेम, त्रोम्सो, होनिंग्सवोग अशा मोठ्या ठिकाणी उतरून फिरण्यास काही तास मिळतात. उत्तरेकडे जाताना जी बंदरे रात्री लागतात, त्यांतील बरीचशी परतताना दिवसा लागतात. त्यामुळे परतीचा प्रवास पुनरुक्तीचा होत नाही.

हा किनारा इतक्या उत्तरेला असूनही गोठत नाही. अटलांटिक महासागरातून येणारा उबदार प्रवाह त्याला वर्षभर मोकळा ठेवतो. शिवाय किनाऱ्यालगत बेटांची लांबच लांब माळ असल्याने बोटीचा बराचसा मार्ग त्यांच्या आडोशाने जातो आणि खुल्या समुद्राचा मार फार थोड्या ठिकाणी बसतो. समुद्र लागण्याची भीती वाटणाऱ्यांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. लोफोतेन बेटांचे काळे सुळके आणि मुखाशी जेमतेम १०० मीटर रुंद असलेली त्रोलफ्योर्डची खाडी हे या मार्गावरील विशेष होत.

आपल्या किनाऱ्याची बोट

हे वाचताना कोकणच्या आगबोटी कोणाला आठवणार नाहीत? मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरे घेत गोव्याकडे जाणाऱ्या बोटींनी कित्येक पिढ्यांचे चाकरमानी, विद्यार्थी आणि व्यापारी यांची ने-आण केली. अनेक ठिकाणी बोट दूर समुद्रात उभी राही आणि उतारूंना पडावात उतरून किनारा गाठावा लागे. मात्र कोकणच्या समुद्राला बेटांचा आडोसा नाही. पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवावी लागे, आणि समुद्र कसा उलटतो याची खूण १७ जुलै १९४७ रोजी कायमची उमटली. मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट त्या दिवशी वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पुढे रस्ते वाढले, एस. टी. गावोगाव पोहोचली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि तोवर आगबोट लोकांच्या गरजेतून उतरत गेली होती.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ ही मुंबई-गोवा पर्यटनबोट मोठ्या उत्साहात सुरू झाली. कोविडच्या साथीत तिच्या फेऱ्या थांबल्या. केवळ हौसेवर चालणारी बोट हौस आटली की थांबते. नॉर्वेची बोट टपाल, माल आणि गावकरी यांच्यासाठी चालते, आणि त्या सेवेचा मोबदला सरकार करारान्वये देते. पर्यटकाचे तिकीट ही त्यावरील जादा कमाई होय. दिघी बंदराचे आजचे भवितव्य मात्र मालवाहतुकीशी जोडलेले आहे. दिवाळखोरी संहितेखालील प्रक्रियेतून ते २०२१ मध्ये सुमारे ७०५ कोटी रुपयांस अदानी समूहाकडे गेले, आणि दिघी हे औद्योगिक क्षेत्र म्हणूनही विकसित व्हावयाचे आहे. रेवस-रेडी सागरी महामार्गाच्या आराखड्यात आगरदांडा-दिघी पूल आहे. तो झाला की गावकऱ्यांची मोठी सोय होईल. फेरीबोटीतील ती मोकळी मिनिटे मात्र जातील.

न मावळणारा सूर्य आणि चौविहार

उत्तर ध्रुववृत्त ओलांडले की जैन दांपत्यापुढे एक असा प्रश्न उभा राहतो, जो इतर प्रवाशांना सुचतही नाही. नॉर्डकॅप या युरोपच्या उत्तर टोकाशी मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत सूर्य क्षितिजाखाली जातच नाही. मध्यरात्रीही ऊन असते. मग सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम तेथे पाळावयाचा कसा? उलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत त्रोम्सो येथे सूर्य उगवत नाही. तेथे नवकारशीची वेळ कोठून मोजावी?

आपल्याकडे हा प्रश्न उद्भवत नाही. दिघी सुमारे १८ अंश अक्षांशावर आहे. तेथील दिवस हिवाळ्यात ११ तासांच्या आसपास आणि उन्हाळ्यात १३ तासांच्या आसपास असतो. सूर्य रोज उगवतो आणि रोज मावळतो, या अनुभवावर आपले नियम उभे राहिले. तेव्हा निघण्यापूर्वी आपापल्या गुरुमहाराजांना विचारून मर्यादा ठरवून घेणे हाच सरळ मार्ग होय. त्यांच्या सांगण्यानुसार घड्याळाची एक वेळ निश्चित करावी आणि ती १२ दिवस पाळावी. बाहेर लख्ख ऊन असताना आणि भोजनकक्ष उघडा असताना स्वतः ठरविलेल्या वेळेला हात धुऊन उठणे, हे घरच्या चौविहारापेक्षा अवघड आहे. कारण तेथे अंधार आठवण करून देत नाही.

ज्यांना नित्याचा सूर्यास्त हवा, त्यांच्यासाठी दुसरा पर्याय आहे. मार्चच्या २० तारखेच्या सुमारास पृथ्वीवर सर्वत्र दिवस आणि रात्र जवळजवळ समान असतात. तेव्हा उत्तरेतही संध्याकाळी सूर्य मावळतो, भोजन वेळेत होते, आणि आकाश निरभ्र असल्यास रात्री हिरवट ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. उन्हाळ्यातील प्रवाशांना तो दिसत नाही, कारण त्यांना रात्रच मिळत नाही. चातुर्मासाच्या आधीचे मे-जून हे महिने प्रवासास सोयीचे खरे. पण तो न मावळणाऱ्या सूर्याचा काळ आहे. सप्टेंबरात दिवस-रात्र पुन्हा समान होतात, पण तेव्हा चातुर्मास चालू असतो. राहिला मार्च, आणि व्यापाऱ्याला मार्चअखेर चुकत नाही! दुकान मुलाच्या हाती खरोखरच सोपविले आहे की नाही, याची परीक्षा अशा तारखांनीच होते.

त्या प्रदीर्घ दिवसांविषयी मराठी मनाला अगदीच अपरिचय नाही. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात, वेदांतील दीर्घ उषेच्या वर्णनांवरून आर्यांचे मूळ स्थान उत्तर ध्रुवाजवळ असावे, असा सिद्धान्त मांडला. विद्वान आज तो ग्राह्य मानीत नाहीत. तथापि कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाने तो प्रदेश न पाहता तेथील पहाटेचा एवढा विचार केला, ही गोष्ट लहान नव्हे. आज तेथे भारताचे संशोधन केंद्रही आहे. स्वालबार्डमधील न्यू-ओलेसुंद येथील ‘हिमाद्री’ हे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले आणि त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र पाहते.

थाळी आणि सामान

भोजनाची अडचण दिसते त्याहून थोडी निराळी आहे. मांस टाळणे आता कठीण राहिलेले नाही. शाकाहारी पदार्थ बोटीवर मिळतात. परंतु थंड प्रदेशातील शाकाहार मुख्यत्वे जमिनीखाली पिकणाऱ्या भाज्यांवर उभा आहे. बटाटा, गाजर, बीट, कांदा हेच तेथील लोकांचे हिवाळ्याचे धान्य, असे म्हटले तरी चालेल. म्हणून ‘शाकाहारी’ एवढेच न कळविता, काय चालत नाही याची स्वतंत्र यादी आरक्षणाच्या वेळीच लेखी द्यावी. सूपमध्ये माशांचा अर्क, चीजमध्ये प्राणिजन्य रेनेट आणि गोड पदार्थांत जिलेटिन असू शकते. हे तिन्ही शब्द यादीत असावेत.

खाकरे, भाजलेले चणे, कोरड्या चटण्या, मुखवास असा शिधा जवळ ठेवावा. मात्र युरोपीय क्षेत्राबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत नेण्यास मनाई आहे. त्यामुळे पेढे, बर्फी, तूप, दूधपावडर घरीच ठेवावीत. आगीच्या भीतीमुळे बोटीच्या खोलीत शेगडी लावू देत नाहीत, हेही आधीच जाणून असावे.

आणखी एक गोष्ट मनाची तयारी करून पाहावी लागते. लोफोतेन बेटांवर हिवाळ्याच्या अखेरीपासून लाकडी मांडवांवर कॉड मासे वाळत घातलेले असतात; शतकानुशतके बर्गेनच्या व्यापाराचा तो पाया होता. नॉर्वेत देवमाशांची व्यापारी शिकारही चालते, आणि देवमासे पाहण्याच्या सहलीही तेथेच निघतात. कोकणच्या किनाऱ्यावर बांबूंवर वाळणारे बोंबील ज्यांनी जन्मापासून पाहिले, त्या व्यापाऱ्यांना हे दृश्य अपरिचित नसेल. शेजाऱ्याची उपजीविका आणि आपला आचार यांत अंतर राखूनही त्याच्याशी सौजन्याने कसे वागावे, हे त्यांना सांगावे लागत नाही.

निसर्गावर पडणाऱ्या भाराचाही विचार व्हावा. स्वालबार्डच्या संरक्षित भागांत १ जानेवारी २०२५ पासून २०० हून अधिक प्रवासी असलेल्या बोटींना प्रवेश नाही. बोट निवडताना तिचा आकार आणि इंधन यांची चौकशी करणे हा अहिंसेचाच एक भाग समजावा.

कागदपत्रे आणि खर्च

नॉर्वे युरोपीय संघात नसला, तरी शेंगेन क्षेत्रात आहे. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो, आणि परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने पारपत्राची मुदत शिल्लक असावी लागते. रक्तदाब किंवा मधुमेह असल्यास तो विमा अर्जात लपवू नये. दावा नाकारला जाण्याचे ते एक प्रमुख कारण ठरते. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे. विवरणपत्रात करापोटी वळता होतो किंवा परत मिळतो, म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवावे. ठेव मोडून वा कर्ज काढून मात्र ही सफर करू नये. दोन-तीन वर्षांची आवर्ती ठेव याच हेतूने लावली, तर तारीखही आपोआप ठरते.

श्रीपाळ, मयणासुंदरी आणि दोघांची सही

जैन घरांत आयंबिलच्या ओळीला श्रीपाळाची कथा वाचली जाते. धवल शेठच्या जहाजांतून श्रीपाळ द्वीपद्वीपांतरी गेला, लोभाने अंध झालेल्या शेठने त्याला समुद्रात लोटले, आणि तो तरला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या साऱ्या काळात मयणासुंदरी घरी राहून वाट पाहत होती, याकडे फारसे लक्ष जात नाही. समुद्र हा व्यापाराचा मार्ग होता. व्यापाराने एकाला दूर नेले आणि दुसऱ्याला मागे ठेवले. पेढीवरच्या पिढ्यांतही हेच चालत आले. पती मालाच्या खरेदीला मुंबई-सुरतेस गेला आणि पत्नीने घर व दुकान दोन्ही सांभाळले. उत्तरेच्या बोटीवर खरेदी नाही, वसुली नाही आणि करण्यासारखे कामही नाही. दोघे एकाच कठड्याशी बारा दिवस बसतात, हेच तिचे खरे मोल.

आपल्या धर्मात दिग्व्रत सांगितले आहे. कोणत्या दिशेला किती दूर जावयाचे, हे गृहस्थाने आधीच ठरवावे, असा त्याचा आशय. व्यापार वाढविताना जशी ही मर्यादा लागू पडते, तशी तो थांबवितानाही लागू पडावी. ‘या दिवाळीनंतर’, ‘धाकट्याचे लग्न झाल्यावर’, ‘नवे गोदाम मार्गी लागल्यावर’ अशा मुदतवाढी स्वतःस देत कित्येक दांपत्ये सत्तरीला येतात. मग गुडघे बोटीचा जिना चढू देत नाहीत, किंवा दोघांपैकी एकच उरतो. बँकेतील संयुक्त खात्यावर ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ अशी नोंद असते. एक गेला तरी हयात असलेल्यास सारी शिल्लक काढता येते. दोघांनी मिळून करावयाच्या प्रवासाला ती सोय नाही. त्यासाठी दोघांचीही सही लागते, आणि दोघांचीही प्रकृती.

उत्तरेचा खर्च सर्वांनाच झेपेल असे नाही, आणि झेपला तरी सर्वांनी तेथेच जावे असेही नाही. दिघीहून जंजिऱ्यापर्यंतची बोट, दिवेआगर-श्रीवर्धनचा दोन दिवसांचा मुक्काम यांनीही आरंभ करता येतो. मात्र जावयाचे तेथे दोघांनीच जावे, आणि तारीख आजच वहीत लिहावी. गोदामाच्या किल्ल्या, बँकेचे अधिकारपत्र आणि उधारीची यादी मुलाच्या व सुनेच्या हाती निघण्यापूर्वी एक महिना द्यावी, म्हणजे चुका व्हायच्या त्या डोळ्यांदेखत होतील. दुकानाचा फोन दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी घेईन, असे सांगून ठेवावे आणि पुढील बारा दिवस ते पाळावे.